अठराव्या शतकातल्या संगीताचं एक वर्ष कसं मांडावं? १७८७ चा नमुना घेऊन सविस्तर कृती

श्रोत्यांच्या मंडळासाठी टिपण असो, मैफलीची माहितीपुस्तिका असो की दिवाळी अंकातला लेख असो, ‘अमुक साली युरोपातल्या संगीतात काय काय घडलं’ असं लिहायला बसलं की चुका ठरावीक जागीच होतात. मोत्सार्टची ‘प्राग’ सिम्फनी कुणी १७८६ मध्ये टाकतं, कुणी १७८७ मध्ये. खरं तर दोन्ही सालं बरोबर आहेत. एकाने रचना पूर्ण झाल्याची तारीख घेतलेली असते, दुसऱ्याने पहिल्यांदा वाजवल्याची. ते कुणी लिहीत नाही, आणि पुढचा लेखक दोन्ही सालं एकत्र करून तिसराच गोंधळ घालतो.

म्हणून या लेखात एकच नियम शेवटपर्यंत पाळायचा आहे: तारीख कशाची आहे हे लिहिल्याशिवाय तारीख लिहायची नाही. नमुना म्हणून १७८७ हे साल घेतलं आहे, कारण या काळात होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका या एका वर्षात करता येतात.

## तयारी: कोष्टक आधी, वाचन नंतर

वहीत किंवा संगणकावर एक कोष्टक आखा. रकाने असे ठेवा: तारीख, कशाची तारीख, कृती, संगीतकार, सूची-क्रमांक, शहर व जागा, कोणती आवृत्ती, माहिती कुठून घेतली, खात्री किती.

इथेच पहिली मोठी चूक होते. लोक एका कृतीला एक ओळ देतात. तसं करू नका. एक ओळ म्हणजे एक घटना. रचना पूर्ण झाली ही एक घटना, पहिला प्रयोग ही दुसरी, छापून आली ही तिसरी, दुसऱ्या शहरात बदल करून सादर झाली ही चौथी. ओळी वाढतील, पण ‘खरं साल कोणतं’ हा प्रश्नच उरणार नाही.

माहिती घेताना घटनेच्या जास्तीत जास्त जवळचा कागद शोधा. मोत्सार्टच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. फेब्रुवारी १७८४ पासून त्याने स्वतःच्या कृतींची वही ठेवली होती: डाव्या पानावर तारीख आणि वाद्यांची नावं, उजव्या पानावर सुरुवातीच्या काही मात्रांची स्वरलिपी. ही वही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या कृतींची संशोधित आवृत्ती ‘नॉये मोत्सार्ट आउसगाबे’ इंटरनेटवर मोफत वाचता येते. इटालियन ऑपेऱ्यांचे प्रयोग आणि छापील लिब्रेटो (ऑपेऱ्याची संहिता) शोधायला बोलोन्या विद्यापीठाचा ‘कोरागो’ हा माहितीसंग्रह आहे. जुन्या छापील स्वरलिपी ‘आयएमएसएलपी’ या संकेतस्थळावर मिळतात.

सावधान: सीडीच्या पाठीमागचा मजकूर आणि व्हिडिओखालचं वर्णन हे आधार म्हणून चालत नाही. तिथे साल असतं, पण ते कशाचं हे बहुधा नसतं.

## टप्पा १: वर्षात काय धरायचं ते ठरवा

घटनांचे चार प्रकार धरा: रचना पूर्ण, पहिलं सादरीकरण, प्रकाशन, आणि माणसांच्या आयुष्यातली घटना (जन्म, मृत्यू, नेमणूक, प्रवास). लेखाचा मुख्य धागा कोणत्या प्रकारावर उभा राहणार ते आधीच ठरवा.

माझं मत स्पष्ट आहे. ऑपेऱ्यासाठी पहिला प्रयोग मुख्य धरावा, कारण तो काळ थिएटरवर चालत होता. गायक बदलला की गाणं बदलायचं. वाद्यसंगीतासाठी रचना पूर्ण झाल्याची तारीख मिळत असेल तर ती मुख्य, नाहीतर प्रकाशनाची.

‘आइने क्लाइने नाख्टमुझीक’ हे चांगलं उदाहरण आहे. मोत्सार्टच्या वहीत तिची नोंद १० ऑगस्ट १७८७ ची आहे. पहिल्यांदा कधी, कुठे वाजली याची नोंदच नाही. छापून आली ती १८२७ मध्ये, म्हणजे मोत्सार्ट गेल्यानंतर छत्तीस वर्षांनी. ‘१७८७ मध्ये या रचनेने व्हिएन्नाला वेड लावलं’ असं वाक्य लिहायला कुठलाच आधार नाही. शिवाय वहीत पाच भाग लिहिले आहेत आणि आपण चारच ऐकतो. एक मिन्युएट हरवला आहे. ‘आवृत्ती’चा रकाना अशाच गोष्टींसाठी आहे.

तपासणी: प्रत्येक ओळीत ‘कशाची तारीख’ हा रकाना भरलेला आहे ना? रिकामा असेल तर ती ओळ तूर्त बाजूला ठेवा.

## टप्पा २: दिनदर्शिका जुळवा

मराठी वाचकाला ही अडचण नवी नाही. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे, ग्रेगोरियन गणनेने ती १ मार्च येते, दिवस तोच. युरोपात अठराव्या शतकात अगदी हेच चालू होतं.

लक्षात ठेवायच्या जागा अशा:

इंग्लंड. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. त्याआधी तिथे जुनी गणना तर होतीच, शिवाय कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. हेंडेलचा ‘रिनाल्डो’ लंडनमध्ये २४ फेब्रुवारी १७११ ला रंगमंचावर आला. तिथल्या तेव्हाच्या हिशेबाने ते साल अजून १७१० होतं. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या हेंडेलच्या स्मारकावर जन्मसाल १६८४ कोरलं आहे, प्रत्यक्षात तो फेब्रुवारी १६८५ मध्ये जन्मला. त्यामागेही हाच हिशेब आहे.

प्रॉटेस्टंट जर्मन राज्यं. १७०० मध्ये बदलली. त्यामुळे योहान सेबास्टियन बाखचा जन्म २१ मार्च १६८५ असाही दिसेल आणि ३१ मार्च असाही.

व्हेनिस. इथे दिवसांचा फरक नाही, पण सरकारी वर्ष १ मार्चला सुरू व्हायचं. जानेवारी-फेब्रुवारीतल्या कागदांवर आधीचं साल दिसू शकतं. ऑपेऱ्याचा ऐन हंगाम नेमका याच दोन महिन्यांत, त्यामुळे चूक हमखास होते.

रशिया. अख्खं शतक जुनी गणना, अकरा दिवस मागे.

१७८७ पुरतं बोलायचं तर व्हिएन्ना, प्राग, पॅरिस, लंडन सगळीकडे तारीख एकच होती. व्हेनिस आणि सेंट पीटर्सबर्ग इथलीच नोंद दोनदा तपासा.

सावधान: तारीख स्वतः बदलून लिहू नका. मूळ तारीख लिहा आणि शेजारी ‘जुनी गणना’ अशी खूण करा. दुरुस्त केलेली तारीख पुढचा माणूस पुन्हा दुरुस्त करतो आणि अकरा दिवसांचे बावीस होतात.

## टप्पा ३: जानेवारी ते डिसेंबर नव्हे, हंगाम बघा

इटलीत ऑपेऱ्याचा मुख्य हंगाम कार्निव्हलचा: २६ डिसेंबरला सुरू, आणि लेंट म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तोंडावर समाप्त. मोत्सार्टचा ‘मित्रिदाते’ मिलानमध्ये २६ डिसेंबर १७७० ला झाला, म्हणून तो ‘१७७१ च्या कार्निव्हलचा पहिला ऑपेरा’ असाही नोंदला जातो. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. लंडनचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालायचा. पॅरिसच्या ऑपेऱ्याचं वर्ष ईस्टर ते ईस्टर.

त्यामुळे कोष्टक भरण्याआधी त्या वर्षीचा ईस्टर शोधून काढा. १७८७ मध्ये तो ८ एप्रिलला होता. म्हणजे राखेचा बुधवार, लेंटचा पहिला दिवस, २१ फेब्रुवारीला, आणि कार्निव्हल २० ला संपलं. आता फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये इटलीतल्या एखाद्या थिएटरात नवा विनोदी ऑपेरा आल्याची नोंद दिसली तर लगेच शंका घ्या. लेंटमध्ये गर्दी असायची ती मैफली आणि ओरॅटोरिओंना (धार्मिक कथांवरच्या, अभिनयाविना गायल्या जाणाऱ्या रचनांना).

हायडनचं ‘ख्रिस्ताचे सात अखेरचे शब्द’ या उपवासकाळाशिवाय समजतच नाही. स्पेनमधल्या काडिझ शहरातल्या गुड फ्रायडेच्या उपासनेसाठी ते मागवलं होतं. धर्मगुरू एकेक वचन उच्चारून त्यावर बोलणार आणि मधल्या वेळात वाद्यवृंद वाजणार, अशी योजना होती. सात संथ भाग ओळीने का आले, याचं उत्तर या विधीत आहे. १७८७ मध्येच हायडनने त्याची स्ट्रिंग क्वार्टेटसाठी (चार तंतुवाद्यांसाठी) मांडणी केली, आणि गायकवृंदासह तिसरं रूप १७९६ मध्ये तयार झालं. तिन्हींना वेगळ्या ओळी द्या.

## टप्पा ४: माणसांच्या आधी शहरं मांडा

बहुतेक जण मोत्सार्ट, हायडन, ग्लुक अशी नावं घेऊन बसतात आणि त्यांच्याभोवती वर्ष विणतात. मग ज्यांची नावं आज गाजत नाहीत ते सगळे गळतात, आणि वर्षाचं चित्र खोटं होतं. त्याऐवजी शहर आणि थिएटर घ्या, तिथे काय चाललं होतं ते भरा.

१७८७ चा सांगाडा थोडक्यात असा उभा राहतो.

व्हेनिस, सान मोइझे थिएटर. ५ फेब्रुवारीला ज्युसेप्पे गाझ्झानिगाचा ‘डॉन जिओव्हान्नी’, लिब्रेटो जिओव्हान्नी बेर्ताती यांचा. हा पहिला ‘डॉन जिओव्हान्नी’ कोष्टकात नसेल तर ऑक्टोबरमधला दुसरा नीट कळणार नाही.

पॅरिस, ऑपेरा. ८ जूनला आंतोनिओ सालिएरीचा ‘तारार’, लिब्रेटो बोमार्शेचा. ‘ऑपेरा’ ही संस्था तेव्हा पोर्त-सँ-मार्तँच्या थिएटरात चालायची. आज पर्यटक बघतात ती इमारत पुढच्या शतकातली. त्याच शहरात ‘कॉन्सेर द ला लॉज ऑलँपिक’ या मैफली-संस्थेने हायडनकडून सहा सिम्फनी मागवल्या होत्या.

व्हिएन्ना, बुर्गथिएटर. १ ऑक्टोबरला मार्टिन इ सोलेरचा ‘लार्बोरे दी दियाना’, लिब्रेटो लोरेंझो दा पोन्ते.

प्राग, काउंट नोस्टिट्झचं नॅशनल थिएटर. २९ ऑक्टोबरला मोत्सार्टचा ‘डॉन जिओव्हान्नी’. लिब्रेटो पुन्हा दा पोन्तेचाच.

ही चार शहरं शेजारी ठेवली की संबंध आपोआप दिसू लागतात. सम्राट जोसेफ दुसरा याची पुतणी आर्चडचेस (ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातली राजकन्या) मारिया तेरेसा हिचं लग्न सॅक्सनीच्या राजपुत्र आंतोनशी ठरलं होतं. व्हिएन्नातला ‘लार्बोरे दी दियाना’ आणि प्रागमधला ‘डॉन जिओव्हान्नी’ हे दोन्ही त्या एकाच लग्नाच्या निमित्ताने योजलेले होते, आणि दोन्ही एकाच कवीने एकाच सुमारास लिहिले. संगीतकारावरून सुरुवात केली असती तर हे हाती लागलं नसतं.

तपासणी: थिएटरचं तेव्हाचं नाव लिहिलं आहे ना? प्रागचं ते थिएटर आज ‘एस्टेट्स थिएटर’ म्हणून ओळखलं जातं. १७८७ मध्ये ते नाव नव्हतं.

## टप्पा ५: एक कृती शेवटपर्यंत खणा

सगळ्या कृतींना सारखा वेळ देऊ नका. वर्षातली एक निवडा आणि तिच्या सगळ्या घटना काढा. बाकीच्या कृतींत कुठे खड्डे असू शकतात ते त्यातून समजतं. १७८७ साठी ‘डॉन जिओव्हान्नी’ घेऊ.

१४ ऑक्टोबर: ठरलेला पहिला प्रयोग, आर्चडचेस प्रागमध्ये असतानाचा. झाला नाही. कलाकारांची तयारी नव्हती. त्या संध्याकाळी मोत्सार्टच्याच संचालनात ‘फिगारोचं लग्न’ सादर झालं. ही माहिती त्याने मित्राला, गॉटफ्रीड फॉन याकिनला, त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात आहे.

छापील लिब्रेटो, व्हिएन्ना, १७८७: यावर आर्चडचेसच्या आगमनानिमित्त प्रागमध्ये सादर होणार असं छापलं आहे, आणि पहिल्या अंकाचा उत्तरार्ध त्यात नाहीच. हा कागद अस्सल आहे, त्या वर्षीचाच आहे, तरी त्यावरचा प्रसंग घडलेला नाही.

२४ ऑक्टोबर: दुसरी ठरलेली तारीख. एक गायिका आजारी पडल्यामुळे तीही पुढे गेली.

२८ ऑक्टोबर: मोत्सार्टच्या वहीतली नोंद. तिथे त्याने ‘ऑपेरा बुफा’ (विनोदी ऑपेरा) लिहिलं आहे. लिब्रेटोवर ‘द्रामा जोकोझो’ (विनोदी नाट्य) आहे. कोष्टकात दोन्ही लिहा, आपल्या मनाने एक खोडू नका.

२९ ऑक्टोबर: पहिला प्रयोग. पास्क्वाले बोंदिनीची मंडळी, नायकाच्या भूमिकेत लुइजी बास्सी, झेर्लिना झालेली कातेरिना बोंदिनी. दोन भूमिका, माझेत्तो आणि कोमेंदातोरे, एकाच ज्युसेप्पे लोल्लीने केल्या. डॉन ओत्ताव्हिओ झालेला आंतोनिओ बाल्योनी हा त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हेनिसला गाझ्झानिगाच्या ऑपेऱ्यात डॉन जिओव्हान्नी झाला होता. एकाच वर्षात एका गायकाने दोन्ही ऑपेरे आतून पाहिले. कलाकारांची यादी शेवटच्या नावापर्यंत का वाचायची, ते यावरून समजावं.

७ मे १७८८: व्हिएन्नातला पहिला प्रयोग. यासाठी मोत्सार्टने नवीन भाग लिहिले. ओत्ताव्हिओसाठी ‘दाल्ला सुआ पाचे’ (वहीत २४ एप्रिल), झेर्लिना-लेपोरेल्लोचं द्वंद्वगीत (२८ एप्रिल), एल्व्हिरासाठी ‘मी त्रादी’ (३० एप्रिल). व्हिएन्नाच्या ओत्ताव्हिओला ‘इल मिओ तेझोरो’ दिलं नाही.

१८०१: पूर्ण वाद्यवृंदाची स्वरलिपी लाइपझिगच्या ब्राइटकोफने छापली.

आता आजच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांकडे बघा. त्यांत ओत्ताव्हिओ ‘दाल्ला सुआ पाचे’ही गातो आणि ‘इल मिओ तेझोरो’ही. तो ऑपेरा १७८७ मध्ये प्रागने ऐकला नव्हता, १७८८ मध्ये व्हिएन्नानेही नाही. १७८७ वरच्या लेखात ‘मी त्रादी’चं कौतुक करणं ही मराठीतच नव्हे, सगळीकडे दिसणारी चूक आहे. ते गाणं अप्रतिमच आहे, फक्त ते पुढच्या वर्षाचं आहे.

सावधान: छापील लिब्रेटो ही योजना असते, घडलेल्या घटनेची नोंद नव्हे. प्रयोग झाला हे पत्र, वर्तमानपत्र किंवा थिएटरचा हिशेब यांपैकी कशातून तरी पक्कं करा.

## टप्पा ६: क्रमांकांवरून साल काढू नका

मोत्सार्टचे ‘के.’ क्रमांक त्याच्या कृतींची सूची करणाऱ्या क्योखेलने १८६२ मध्ये कालक्रमाने दिले. १७८४ नंतरच्या कृतींना वहीचा आधार असल्यामुळे ते बरेच विश्वासार्ह आहेत. १७८७ चंच पाहा: सी मेजर क्विंटेट (पाच वाद्यांची रचना) के. ५१५ (१९ एप्रिल), जी मायनर क्विंटेट के. ५१६ (१६ मे), नाख्टमुझीक के. ५२५, डॉन जिओव्हान्नी के. ५२७. क्रम सरळ आहे. पण सुरुवातीच्या कृतींत तसं नाही. के. १८ ही मोत्सार्टची म्हणून गणलेली सिम्फनी मुळात कार्ल फ्रीडरिष आबेलची आहे. लहानग्या मोत्सार्टने ती लंडनमध्ये उतरवून घेतली होती.

हायडनच्या सिम्फनींचे क्रमांक तर कालक्रमासाठी मुळीच धरू नका. पॅरिससाठीच्या सहा सिम्फनी ८२ ते ८७. त्यांतल्या ८३ आणि ८७ च्या हस्तलिखितांवर १७८५ आहे, ८२ वर १७८६. म्हणजे शेवटचा क्रमांक पहिल्याच्या आधीचा. पॅरिसमध्ये त्या १७८७ च्या हंगामात गाजल्या आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या आर्टारियाने छापायला घेतल्या. तुमच्या १७८७ च्या पानावर त्या जरूर याव्यात, पण सादरीकरण आणि प्रकाशन म्हणून.

‘ओपस’ हा प्रकाशकाचा क्रमांक आहे. हायडनने ओपस ५० चे सहा क्वार्टेट आर्टारियालाही विकले आणि लंडनच्या फॉर्स्टरलाही. प्रकाशनाची तारीख लिहिताना प्रकाशकाचं नाव जोडल्याशिवाय ती अपुरी राहते. आणि ‘हायडन, ओपस ३’ असं दिसलं तर थांबा. ते क्वार्टेट हायडनचे नाहीत, रोमान हॉफश्टेटर या धर्मगुरूचे मानले जातात.

## टप्पा ७: सारखी नावं वेगळी करा

त्या काळात एकाच लिब्रेटोला अनेक संगीतकार चाल लावत. मेतास्तासिओचा ‘आर्तासेर्से’ १७३० च्या एकाच कार्निव्हलमध्ये रोममध्ये लिओनार्दो व्हिंचीने आणि व्हेनिसमध्ये हास्सेने सादर केला. म्हणून ऑपेऱ्याचं नाव कधीही एकटं लिहू नका. नाव, संगीतकार, शहर असा संच ठेवा.

उलटही होतं: एकच ऑपेरा दोन नावांनी फिरतो. सालिएरीचा ‘तारार’ इटालियन रूपात ‘आक्सुर, रे दोर्मुस’ झाला आणि ८ जानेवारी १७८८ ला व्हिएन्नात आला. हे नुसतं भाषांतर नव्हे. दा पोन्तेने नवा मजकूर लिहिला आणि सालिएरीने बरंचसं संगीत नव्याने केलं. ग्लुकच्या ‘ऑर्फेओ’चंही तसंच: १७६२ मध्ये व्हिएन्नात इटालियन भाषेत कास्त्रातो (लहानपणी खच्चीकरण करून उंच आवाज राखलेला) गायक ग्वादान्यीसाठी, १७७४ मध्ये पॅरिसला फ्रेंचमध्ये उंच पट्टीच्या पुरुष गायकासाठी. दोन्ही वेगळ्या ओळी.

## टप्पा ८: जन्म, मृत्यू, नेमणुका

जन्मतारखेच्या जागी अनेकदा बाप्तिस्म्याची तारीख असते. बीथोव्हेनचा बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७० ला झाला. जन्माची वेगळी नोंद नाही. ‘बाप्तिस्मा’ असंच लिहा.

१७८७ मध्ये तीन मोठे मृत्यू आहेत: साल्झबुर्गमध्ये लेओपोल्ड मोत्सार्ट (२८ मे), लंडनमध्ये आबेल (२० जून), व्हिएन्नात ग्लुक (१५ नोव्हेंबर). बॉनमध्ये १७ जुलैला बीथोव्हेनची आई वारली.

ग्लुकनंतर ७ डिसेंबरला मोत्सार्टला दरबारी चेंबर-संगीतकार नेमलं, वर्षाला ८०० गुल्डेन. ग्लुकला २००० मिळत होते. ‘मोत्सार्टला ग्लुकची जागा मिळाली’ असं लिहिताना हे दोन आकडे शेजारी द्या, म्हणजे वाचकाचा गैरसमज होणार नाही.

## टप्पा ९: आख्यायिका वेगळ्या काढा

प्रत्येक गाजलेल्या वर्षाला काही गोष्टी चिकटलेल्या असतात. त्या टाकून देऊ नका, पण ‘खात्री’च्या रकान्यात खूण करा.

बीथोव्हेन १७८७ मध्ये व्हिएन्नाला गेला होता हे खरं. मोत्सार्टने त्याचं वादन ऐकून ‘हा मुलगा जगाला बोलायला लावेल’ अशा अर्थाचे उद्गार काढले, ही गोष्ट मात्र त्या वेळच्या कुठल्याही कागदात नाही. एकोणिसाव्या शतकातल्या चरित्रांतून ती पसरली.

‘संगीतातला विनोद’ (के. ५२२) वहीत १४ जूनला नोंदला आहे, म्हणजे वडील गेल्यावर दोन-अडीच आठवड्यांनी. त्यावरून मुलाच्या मनावर पानंच्या पानं लिहिली गेली. नंतर संशोधक ॲलन टायसन यांनी हस्तलिखिताचे कागद तपासून दाखवलं की त्यातला काही भाग त्याआधीच लिहायला घेतला होता. वहीतली तारीख संपवल्याची असते, सुरू केल्याची नव्हे. शोकाशी जोडलेला अर्थ एका कागदाने सैल होतो, म्हणून अशा अर्थांपाशी दहादा थांबावं असं मला मनापासून वाटतं.

तपासणी: गोष्टीचा सर्वांत जुना आधार घटनेनंतर किती वर्षांनी येतो? एका पिढीपेक्षा जास्त असेल तर ‘सांगतात की’ असंच लिहा.

## टप्पा १०: ऐका आणि मग लिहा

लिहिण्याआधी कोष्टकातल्या निदान पाच-सहा ओळी प्रत्यक्ष ऐका, तेही कोष्टकाच्याच क्रमाने. १७८७ साठी हा क्रम ठेवा: ‘प्राग’ सिम्फनी (वहीत ६ डिसेंबर १७८६, प्रागमध्ये १९ जानेवारी १७८७), गाझ्झानिगाचा एकअंकी ‘डॉन जिओव्हान्नी’, हायडनच्या ‘सात शब्दां’चं क्वार्टेट रूप, मोत्सार्टचं जी मायनर क्विंटेट, ‘तारार’चा पहिला अंक, आणि शेवटी मोत्सार्टचा ‘डॉन जिओव्हान्नी’, शक्यतो प्रागच्या आवृत्तीचं ध्वनिमुद्रण. गाझ्झानिगा आधी ऐकलेला असला की कोमेंदातोरेचा खून, यादीचं गाणं, पुतळ्याला जेवणाचं आमंत्रण हे सगळं ओळखीचं लागतं, आणि मोत्सार्टने नेमकं काय वेगळं केलं ते कानाला समजतं. हा टप्पा गाळून लिहिलेला लेख वाचताना लगेच ओळखू येतो.

लिहिताना परकीय नावांचं देवनागरी रूप एकदा ठरवा आणि बदलू नका. एका परिच्छेदात ‘मोझार्ट’ आणि दुसऱ्यात ‘मोत्सार्ट’ असं झालं की शोधणाऱ्याला अर्धाच लेख सापडतो.

## देण्याआधीची तपासणी

1. लेखातलं प्रत्येक साल कोष्टकातल्या एका ओळीशी जुळतं का, आणि वाक्यात ‘पूर्ण केली’, ‘सादर झाली’, ‘छापली’ यांपैकी क्रियापद स्पष्ट आहे का? ‘आली’, ‘झाली’ अशी मोघम क्रियापदं शोधून बदला.
2. जानेवारी, फेब्रुवारी आणि डिसेंबरच्या अखेरच्या सगळ्या तारखा टप्पा २ आणि ३ मधून पुन्हा एकदा काढल्या का?
3. प्रत्येक ऑपेऱ्याला संगीतकार, शहर आणि थिएटर आहे का? लिब्रेटो लिहिणाऱ्याचं नाव गळलं असेल तर ते घाला. त्या काळच्या प्रेक्षकाला ते आधी माहीत असायचं.
4. ज्या गाण्यांची नावं घेतली ती त्या वर्षीच्या आवृत्तीत होती का?
5. एकाच आधारावर उभ्या असलेल्या ओळींना खूण केली का?

‘आक्सुर’, ‘दाल्ला सुआ पाचे’, ‘मी त्रादी’ अशा पुढच्या वर्षी गेलेल्या ओळी पुसू नका. त्या कापून १७८८ च्या नव्या कोष्टकात टाका, आणि आधी त्या वर्षीचा ईस्टर शोधा: २३ मार्च.